बेल्ट अंगावर, हुक मोकळा: साइटवरची धोक्याची सवय पसरते कशी?

परांची (धागाकर्ता)

बांधकामावर अपघात झाला की चहाच्या टपरीपासून साइट ऑफिसपर्यंत एकच वाक्य फिरतं: "बेल्ट लावला नव्हता." (बेल्ट म्हणजे उंचीवर काम करताना अंगावर बांधायचा सुरक्षा पट्टा, त्याच्या दोरीचा हुक पक्क्या जागी अडकवायचा असतो.) त्यामागून दुसरं येतं: "या लोकांना कितीही सांगा, ऐकतच नाहीत." सेफ्टीच्या कामात बरीच वर्षं गेल्यावर हे दुसरं वाक्य मला साफ चुकीचं वाटतं, म्हणून हा धागा काढतोय. माणसं ऐकतात. बारकाईनं बघतात आणि शिकतातही. पण ज्याचं बघून शिकतात तो माणूस आपण नसतो.

नवा पोरगा गेटवर येतो. हेल्मेट, बूट, बेल्ट मिळतो, अर्धा तास माहिती सांगतात, रजिस्टरवर सही किंवा अंगठा होतो. सुरुवातीचे दिवस त्याच्या हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट असतो. मग तो एका मिस्त्रीच्या हाताखाली जातो. सळईला गाठ कशी मारायची, तारेला पीळ किती द्यायचा, प्लाय वर कसा द्यायचा, हे सगळं तो त्या मिस्त्रीचे हात बघून शिकतो. मिस्त्री बीमच्या तळावरून हुक न लावता चालत जातो, लिफ्टच्या डक्टवर टाकलेल्या एका फळीवरून पलीकडे जातो, हेही तो त्याच वेळी बघत असतो. पोराच्या दृष्टीनं हे सगळं मिळून काम शिकणं. यातलं काय उचलायचं आणि काय सोडायचं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९६१ मध्ये स्टॅनफर्डला लहान मुलांवर प्रयोग केले. मोठ्या माणसाला बाहुली बडवताना पाहिलेली मुलं नंतर तशीच, त्याच पद्धतीनं बाहुली बडवत. पुढच्या कामात त्यांनी दाखवलं की आपण वाटेल त्याची नक्कल करत नाही. ज्याला मान आहे आणि ज्याचा फायदा होताना दिसतो, त्याची करतो. साइटवर मान कुणाला? ज्याचा हात चालतो त्याला. मुकादम ज्याचं नाव घेऊन "याच्यासारखं काम करा" म्हणतो त्याला. सेफ्टी ऑफिसर दिवसातून दोनदा येतो आणि त्याला सळई बांधता येत नाही. पोरानं कुणाकडे बघावं?

दुसरी गोष्ट मला जास्त भयंकर वाटते. बहुतेक वेळा काहीच होत नाही. हुक न लावता माणूस सकाळी गेला, संध्याकाळी सुखरूप खाली आला. उद्याही आला, महिनाभर आला. प्रत्येक फेरीत थोडा वेळ वाचला, घाम कमी आला, मुकादम खूश झाला. फायदा रोज मिळतो आणि शिक्षा जवळजवळ कधीच मिळत नाही. मिळते तेव्हा सावरायला वेळ नसतो: सहा मीटरवरून पडलेला माणूस साधारण एका सेकंदात जमिनीवर येतो आणि आदळताना त्याचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या जवळ असतो.

हे फक्त शिक्षण नसलेल्या माणसांचं होतं असं समजू नका. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, सात अंतराळवीर गेले. बूस्टरच्या रबरी कड्या आधीच्या उड्डाणांमध्येही झिजलेल्या, जळलेल्या सापडल्या होत्या. दर वेळी यान परत आलं, आणि दर वेळी "एवढं चालतं" ही हद्द थोडी पुढे सरकली. डायान वॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी या प्रकरणाचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांचं निरीक्षण असं की तिथे कुणाला आपण नियम मोडतोय असं वाटतच नव्हतं. बिघाडच नेहमीचा झाला होता. नासाच्या इंजिनिअरांचं असं होत असेल, तर दहाव्या स्लॅबवरच्या फिटरला नावं कशी ठेवायची?

तिसरी गोष्ट टोळीची. आपल्याकडे सेंट्रिंगची (स्लॅबच्या साच्याच्या कामाची) टोळी मालदा-मुर्शिदाबादहून येते, कुणी पलामूहून, कुणी मराठवाड्यातून, कुणी विजापूर-गुलबर्ग्याकडून. एका गावची, एका नात्यातली माणसं एका मुकादमाच्या मागे असतात. काम संपलं की सगळी टोळी दुसऱ्या साइटवर. कंपनी बदलते, इंजिनिअर बदलतो, हेल्मेटचा रंग बदलतो, टोळी तीच राहते. म्हणजे सवय राहते टोळीत आणि आपण ती सुधारू बघतो कंपनीत. एखादी साइट आपण घासूनपुसून नीट करतो, पुढच्या महिन्यात नवी टोळी येते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तुम्ही काय पाहिलंय? साइटवर काम केलेल्यांनी तर नक्की लिहा.

---

खडीसाखर

धागा आवडला, पण तुम्ही मनाकडे जास्त गेलात आणि पैशाकडे कमी. मी साइट इंजिनिअर आहे. सळईचं काम टनावर दिलेलं असतं, सेंट्रिंग चौरस फुटावर, रंग चौरस फुटावर. सगळं उक्तं. बीमवरून चालताना दर काही पावलांवर हुक काढायचा, पुढे लावायचा. नीट करायचं तर दोन दोऱ्यांचा बेल्ट हवा, म्हणजे एक हुक काढताना दुसरा अडकलेला राहतो. एवढं सगळं करणाऱ्याचं दिवसाचं काम कमी भरतं. तो वेळ कुणाच्या खिशातून जातो? कंपनीच्या नाही, टोळीच्या. टोळीतला एक जण नियमानं चालला की सगळ्यांची मजुरी थोडी घटते, म्हणून बाकीचे त्याला घाई करायला लावतात. इथे नक्कल आहे, मान्य. पण नक्कल फायद्याची होते, आणि फायदा कशात असेल हे ठेका ठरवतो.

अजून एक. अँकर कुठे आहे? "हुक लावा" म्हणून ओरडणाऱ्यांनी आधी हुक अडकवायला जागा दाखवावी. लाइफलाइन (हुक अडकवायला ताणून बांधलेली दोरी) ओढलेली नसेल तर माणूस जवळच्या सळईला अडकवतो, ती सळई अजून बांधलेलीही नसते. अशा हुकाला अर्थ नाही, हे त्याला तुमच्या-माझ्याआधी कळतं.

---

परांची

@खडीसाखर, अँकरच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. त्यात आणखी एक भर घालतो. साधी १.८ मीटरची दोरी आणि झटका शोषणारं पाकीट धरलं, तर माणूस पडून थांबेपर्यंत अँकरखाली साधारण साडेपाच-सहा मीटर मोकळी जागा लागते. दोरीची लांबी, पाकीट उलगडण्याची लांबी, माणसाची उंची आणि वर थोडी शिल्लक. म्हणजे तीन मीटरच्या घोडीवर (उभं राहून काम करायच्या चौकटीवर) पायाशी हुक लावून उभा असलेला माणूस हुक असूनही जमिनीवर आपटणार. तिथे कठडा हवा, धड फळ्या हव्यात, नाहीतर दोरी तरी आखूड आणि अँकर डोक्यावर हवा. आपण मात्र "दोन मीटरच्या वर बेल्ट" एवढं सांगतो आणि निघून जातो. कामगाराला दिसतं की या नियमाचा इथे उपयोग नाही. एक नियम पोकळ निघाला की बाकीच्या नियमांवरचा विश्वासही जातो, आणि हा अविश्वास टोळीत फार लवकर पसरतो.

---

तिफण

मी परभणी जिल्ह्यातला. बारावीनंतर दोन दुष्काळी वर्षं पुण्यात नाक्यावर उभा राहून काम केलं. आता गावी शिक्षक आहे. आतून कसं दिसतं ते लिहितो.

नव्या माणसाला पहिली भीती उंचीची नसते. पहिली भीती असते उद्या बोलावतील का याची. नाक्यावर मुकादम बोट दाखवून माणसं निवडतो. काल सोबत होता म्हणून आजही घेईल असं काही नसतं. त्यामुळे दिवसभर एकच प्रयत्न असतो, की आपण ओझं आहोत असं कुणाला वाटू नये. मी पहिल्यांदा चौथ्या मजल्यावरच्या परांचीवर गेलो, तेव्हा बांबू धरून धरून चालत होतो. वरून एक जण म्हणाला, "मास्तर, वरात आहे का? जरा पाय उचला." सगळे हसले. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. त्यातलाच एक जण दुपारी स्वतःच्या डब्यातली भाकरी मला द्यायचा. पण ते हसणं माझ्या पायाला लागलं. त्यानंतर मी बांबू धरला नाही.

तुम्ही म्हणता ते खरं आहे, आम्ही बघून शिकत होतो. पण बघण्याइतकीच लाज काम करते. भित्रा हा शिक्का एकदा बसला की टोळीत जागा राहत नाही. जे गावाहून उचल घेऊन आलेले असतात त्यांचं तर बोलायलाच नको. मुकादमाचे पैसे अंगावर असताना "मी या फळीवरून जाणार नाही" असं कोण म्हणेल? आमच्यातला एक म्हणाला होता. दुसऱ्या दिवसापासून त्याला खाली रेती चाळायला लावलं. मजुरी कमी. तो धडा आम्हा सगळ्यांना मिळाला, एका शब्दाशिवाय.

---

जलतरंग

तिफण, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी मानसशास्त्र शिकवते. सॉलोमन ॲश यांचे १९५० च्या दशकातले प्रयोग इथे फार लागू पडतात. खोलीत सात-आठ माणसं, समोर रेघा, कोणती रेघ कोणत्या रेघेएवढी आहे ते सांगायचं. उत्तर उघड दिसतंय. पण एक जण सोडून बाकी सगळे प्रयोगकर्त्यांची माणसं, आणि ते ठरवून चुकीचं सांगतात. खरा सहभागी त्यांच्या दबावाखाली साधारण एक तृतीयांश वेळा चुकीचं उत्तर देतो. हा भाग बहुतेकांना माहीत असतो. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. त्या गटात फक्त एक माणूस खरं बोलणारा ठेवला, तर चुकीच्या उत्तरांचं प्रमाण झपाट्यानं खाली येतं. सगळा गट बदलावा लागत नाही, एक साथीदार पुरतो.

तिफण यांच्या टोळीत दुसरा एक जरी माणूस बांबू धरून चालत असता, तर ते हसणं दोघांत वाटलं गेलं असतं. म्हणून नवी माणसं एकेकटी वेगवेगळ्या टोळ्यांत टाकू नयेत असं मला वाटतं. दोन नवे एकत्र ठेवा, आणि त्यांच्यासोबत हुक लावणारा एक जुना.

चीनमधल्या काही संशोधकांनी साइटवरच्या असुरक्षित वागण्याचा अभ्यास साथीच्या रोगाच्या गणितानं केला आहे. कोण अजून लागण न झालेला, कोण लागण झालेला, कोण बरा झालेला, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध किती. टोळीत ज्याचे संबंध सगळ्यांत जास्त, त्याच्या वागण्याचा परिणाम सगळ्यांत मोठा, हे त्यातून नीट दिसतं. पण या गणिताची मला थोडी धास्तीही वाटते. माणसाला रोगाचा वाहक म्हटलं की त्याला बाजूला काढणं हाच उपाय सुचतो. जंतू विचार करत नाही, कामगार करतो. त्याच्यासमोर जे पर्याय आहेत त्यातला त्याला परवडणारा तो निवडतो.

---

सिंहगडकर

थोडं कडू बोलतो. सगळा दोष ठेकेदार, मुकादम, समाज यांच्यावर टाकून कामगाराला पूर्ण मोकळं सोडायचं का? बेल्ट दिलेला असतो, लाइफलाइनही असते, तरी हुक लटकत असतो. मी हे स्वतः पाहिलंय. दंड लावा. दोनदा सापडला तर गेटबाहेर. दुचाकीच्या हेल्मेटचं तसंच झालं ना, दंड झाला तेव्हाच लोक घालू लागले.

---

खडीसाखर

@सिंहगडकर, दंड लावून पाहिलेल्या साइटवर मी होतो. काय झालं सांगतो. सेफ्टीची गाडी गेटमधून आत शिरली की खालच्या मजल्यावरून शिट्टी वाजायची. शिट्टी वाजली की सगळे हुक अडकायचे. गाडी गेली की सुटायचे. म्हणजे दंडानं एक नवं कौशल्य टोळीत पसरलं, लपवण्याचं. त्याहून मोठं नुकसान असं की किरकोळ अपघात सांगणं बंद झालं. वरून सुटलेली पाइप कुणाच्या पायाजवळ पडली, कुणी घसरला आणि वाचला, हे आधी कानावर यायचं. दंडानंतर आमच्यापर्यंत काहीच पोचेना. पुढचा अपघात कुठे होणार हे ज्या गोष्टींवरून कळतं, त्याच कळेनाशा झाल्या. आणि दंड कापला जायचा तो मुकादमाच्या बिलातून, तो पुढे कामगाराकडून वसूल करायचा, दुप्पट.

---

सिंहगडकर

शिट्टीची गोष्ट पटली. दंड एकट्यानं काम करत नाही हे मान्य. पण मग मुकादमाला आणि कंपनीला तरी दंड हवा की नको?

---

सागरगोटा

हवाच. मी सिंगापूरला प्रकल्प व्यवस्थापनात आहे. इथे परदेशी बांधकाम कामगाराला वर्क परमिटसाठी सुरक्षेचा एक पायाभूत कोर्स करून परीक्षा द्यावी लागते, आणि तो बंगाली, तमिळ अशा कामगारांच्या भाषांत घेतात. आपल्याकडे संथाळी बोलणाऱ्याला हिंदीत आणि तेलुगू बोलणाऱ्याला इंग्रजी स्लाइडवर शिकवतात, तो काय घेऊन जाणार? दुसरं, नियमभंगाचे गुण कंपनीच्या नावावर साठतात. १८ महिन्यांत २५ गुण झाले की परदेशी कामगार आणण्यावर बंदी येऊ लागते. इथल्या ठेकेदाराचा धंदाच त्या कामगारांवर चालतो, त्यामुळे ही भीती खरी आहे.

तरी इथे सगळं आलबेल आहे असं नाही. २०२२ मध्ये सर्व क्षेत्रं मिळून कामावर ४६ मृत्यू झाले. सरकारनं सप्टेंबर २०२२ ते मे २०२३ विशेष दक्षतेचा काळ जाहीर केला आणि गंभीर अपघात झाल्यास कंपनीच्या प्रमुखानं स्वतः मंत्रालयासमोर येऊन उत्तर द्यायचं असं ठरवलं. २०२३ मध्ये आकडा ३६ वर आला. फक्त याच उपायामुळे आला असं मी म्हणणार नाही. पण मालकाला स्वतः जावं लागतं म्हटल्यावर सकाळच्या मीटिंगमधला पहिला प्रश्न बदलला, हे मी बघितलं. आधी "स्लॅब किती वाजता?" असायचा.

---

रानजाई

सगळे प्रतिसाद वाचले. त्यात बाईमाणूस कुठेच दिसलं नाही, म्हणून लिहिते. मी बांधकामावरच्या मुलांच्या पाळणाघरात काम केलं आहे.

बऱ्याच ठिकाणी मजूर जोडीनं घेतात, नवरा-बायको. हजेरी जोडीची लागते, पैसे नवऱ्याच्या हातात. बाईची नोंद बिगारी. बेल्ट मिस्त्रीला मिळतो, तिला मिळतच नाही, कारण "ती काय वर चढते?" प्रत्यक्षात ती दिवसभर कठडा नसलेल्या जिन्यावरून घमेलं घेऊन वर-खाली करत असते. हेल्मेट मात्र सक्तीचं. आता डोक्यावर चुंबळ आणि त्यावर घमेलं असताना हेल्मेट घालायचं कुठे? साहेब दिसले की ती घमेलं उतरवते, हेल्मेट चढवते, साहेब गेले की उलटं. तिच्या कामाचा विचार करून नियम केलाच नाही, म्हणून तो मोडल्याशिवाय तिचा दिवस पुढे सरकत नाही. तिथे माल वर न्यायला साधा हॉइस्ट लावला तर प्रश्न मिटतो.

आणि मुलं हे सगळं बघत असतात. आमच्या पाळणाघरातली पाच-सहा वर्षांची पोरं दोन विटा मांडून वर फळी टाकत आणि हात पसरून त्यावरून चालत. सगळ्यांत जोरात चालेल तो मिस्त्री. परांची यांनी नव्या पोराचं लिहिलं, पण काहींचं शिक्षण गेटवर येण्याच्या दहा-बारा वर्षं आधीच सुरू झालेलं असतं.

---

उंबरठा

आमच्या सोसायटीचं बाहेरून रंगकाम पुढच्या महिन्यात सुरू होतंय. सात मजले. ठेकेदार म्हणतो, झुल्यावरून (गच्चीवरून सोडलेल्या दोरीला बसून) करू, परांची बांधली तर खर्च वाढेल. मी समितीत आहे. आम्ही काय बघायला हवं? आणि एकानं सांगितलं की कामगारानं बेल्ट लावला नसेल तर भरपाई द्यावीच लागत नाही, हे खरं आहे का?

---

परांची

@उंबरठा, आधी दुसऱ्या प्रश्नाचं. हा समज सगळीकडे आहे आणि तो अर्धवट आहे. १९२३ च्या भरपाई कायद्यात अशी सूट होती, आणि त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे, की कामगारानं सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडल्यामुळे इजा झाली तर मालक जबाबदार नाही. पण मृत्यू आला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर ही सूट लागू होत नाही. म्हणजे "त्यानंच बेल्ट लावला नव्हता" असं म्हणून मेलेल्या कामगाराच्या घरच्यांना परत पाठवता येत नाही. हे शक्य तितक्या लोकांना सांगा.

झुल्याबद्दल. माणूस बसतो ती दोरी आणि त्याच्या बेल्टची दोरी या दोन वेगळ्या हव्यात, आणि गच्चीवर दोन वेगळ्या ठिकाणी बांधलेल्या हव्यात. पाण्याच्या टाकीच्या पाइपला किंवा डिश अँटेनाच्या खांबाला नाहीत. पॅरापेटच्या कडेवर दोरी घासते, तिथे जाड गोणपाट किंवा रबर हवं. बेल्टच्या दोरीवर घसरला तर आपोआप पकडणारा ग्रॅब हवा. ठेकेदाराकडे कामगार भरपाईचा विमा आहे का, त्याची मुदत काय आणि त्यात माणसं किती, हे कागदावर बघा. वेगळ्या दोरीचे आणि वेळेचे पैसे कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळीत लिहून घ्या. तीन कोटेशनांतलं सगळ्यांत स्वस्त उचललं, तर जी काटछाट झालेली असते ती बहुतेक वेळा याच ओळीत.

@सिंहगडकर, तुमच्या मुद्द्यावर. व्यक्तीची जबाबदारी मी नाकारत नाही. पण मोठे अपघात आठवून बघा. २९ जून २०१९, कोंढवा: सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या साइटवरच्या मजुरांच्या झोपड्यांवर रात्री कोसळली, मुलांसह १५ जण गेले. ती माणसं झोपलेली होती. १ ऑगस्ट २०२३, शहापूरजवळ समृद्धी महामार्गाचं काम: गर्डर लाँचर (पुलाचे गर्डर उचलून बसवणारं यंत्र) कोसळून २० जण गेले, तेही रात्रीच. तिथे कुणाच्या हुकाचा प्रश्न होता? "एवढं चालतं" ही सवय वरच्या मजल्यावरून खालीही येते. भिंतीच्या पायाशी झोपड्या टाकायचं कामगार ठरवत नाहीत. आणि रोज भिंतीखाली झोपायला सांगणारी व्यवस्था हेल्मेटच्या पट्ट्यावर भाषण देते, तेव्हा त्या भाषणाची किंमत त्यांना बरोबर कळते.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण चांगलं वागणंही असंच पसरतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचं काम १९३३ मध्ये सुरू झालं. त्या काळी अमेरिकेत दहा लाख डॉलरच्या कामामागे एक माणूस जाणार असं लोक धरूनच चालत, आणि हा पूल साडेतीन कोटींचा. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी हेल्मेट सक्तीचं केलं, पुलाखाली मोठं जाळं बांधून घेतलं, आणि उंचीवर कसरती करून दाखवणाऱ्याला थेट कामावरून काढायचं ठरवलं. हा तिसरा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. धाडस दाखवून मिळणारा मान त्यांनी मुळातच बंद केला. १९ जण जाळ्यात पडून वाचले. जवळजवळ चार वर्षांत फक्त एक मृत्यू झाला. मग १७ फेब्रुवारी १९३७ ला एक अवजड लटकती परांची सुटली, जाळं फाडून खाली गेली आणि तिच्यासोबत दहा जण गेले. एकूण अकरा. ते दहाही वाचायला हवे होते. पण त्या काळचा हिशोब पाहिला तर फरक दिसतो, आणि लक्षात घ्या, जाळं कुणाच्या सवयीवर अवलंबून नव्हतं. ते लावायला कामगाराला स्वतःचा एक मिनिटही खर्च करावा लागत नव्हता.

---

जलतरंग

दंडाच्या चर्चेत एक राहिलं. स्ट्रॉस यांनीही शिक्षा ठेवलीच होती की. फरक असा दिसतो की आधी जाळं दिलं आणि मग शिक्षा ठेवली, तीही घाईत विसरणाऱ्याला नाही, मिरवणाऱ्याला. खडीसाखर यांच्या साइटवर दोन्ही गोष्टी उलट झाल्या.

---

तिफण

मोठ्या प्रकल्पांचं समजलं. पण आमच्या गावची पोरं जातात ती पंधरा-वीस माणसांच्या कामावर. तीन-चार मजली इमारत, एक ठेकेदार, एक मुकादम. तिथे सेफ्टी ऑफिसर कोण देणार? तिथे काय होऊ शकतं?

---

परांची

@तिफण, खरा प्रश्न हाच आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात सुरक्षा समिती आणि सेफ्टी ऑफिसर ५०० किंवा अधिक कामगार असतील तिथेच लागायचे. त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या नव्या संहितेत बांधकामावरच्या सेफ्टी ऑफिसरसाठी हा आकडा २५० वर आणला आहे. आपली बहुतांश बांधकामं दोन्हीच्या खाली. म्हणून तिथे काम मुकादम आणि मिस्त्री यांच्यामार्फतच करावं लागेल, दुसरा रस्ता मला दिसत नाही.

छोट्या कामांवर मी ज्या गोष्टींचा आग्रह धरतो त्या लिहितो. टोळी ठरवताना मुकादमाशी भाव करतो तेव्हाच कठडे, लाइफलाइन, डक्टवरची झाकणं यांचं काम वेगळ्या दरानं ठरवायचं आणि ते आधी पूर्ण झाल्याशिवाय वरचं काम सुरू करू द्यायचं नाही. मिस्त्रीला ते फुकट करायला सांगितलं तर तो टाळणारच. डक्ट आणि स्लॅबच्या कडा बंद असल्या की निम्म्या ठिकाणी हुकाचा प्रश्नच उरत नाही.

दुसरं, टोळीतला ज्याचा हात सगळ्यांत चांगला त्याच्याशी आधी बोलायचं, सगळ्यांसमोर नाही. त्याला त्याच्या अनुभवाबद्दल विचारायचं: कुठली जागा धोक्याची, कुठे काय लावलं तर काम सोपं होईल. बहुतेक वेळा त्याला माझ्याहून जास्त माहीत असतं आणि आजवर कुणी विचारलेलं नसतं. त्यानं सुचवलेल्या जागी अँकर बसवला की तो स्वतः तिथे हुक लावतो, आणि मग नव्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही. नव्या माणसाला सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस त्याच मिस्त्रीच्या हाताखाली द्यायचं, कुणाच्याही नाही.

तिसरं, गावातून निघणाऱ्या पोरांसाठी, आणि हे तुम्ही शिक्षक म्हणून करू शकता. शक्यतो दोघा-तिघांनी एकत्र जा आणि एकाच टोळीत राहा, जलतरंग यांनी साथीदाराबद्दल लिहिलंय ते त्यांना समजावून सांगा. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम झालं की इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते, त्यासाठी लागणारा दाखला ठेकेदाराकडून किंवा ग्रामपंचायतीकडून घेऊन ठेवायला सांगा. नोंदणी असलेल्याच्या घरच्यांना अपघाती मृत्यूत मंडळाकडून मदत मिळते, ठेकेदारानं हात वर केले तरी. आणि उचल घ्यायचीच वेळ आली तर जितकी कमी घेता येईल तितकी घ्या. अंगावर उचल नसलेला माणूसच फळीवरून जायला नाही म्हणू शकतो.

---

तिफण

दिवाळीनंतर आमच्याकडची पोरं निघतात. त्याआधी शाळेत एक दिवस त्यांना बसवतो. @परांची, बेल्ट, दोन हुकांची दोरी आणि ग्रॅब यांचा एक जुना संच प्रत्यक्ष दाखवायला मिळेल का? चित्रावरून त्यांना कळणार नाही.

---

परांची

मिळेल. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सोबत एका मिस्त्रीला घेऊन येतो, माझ्यापेक्षा त्यानं दाखवलेलं बरं.